लाजाळूची रंगीत तालीम

कुलगुरूंनी लाजाळूला बोट लावले, पण तिने एकही पान मिटले नाही.

विद्यापीठाचे हरितगृह पाडून तिथे वाहनतळ करायचा की नाही, हे ते आज ठरवणार होते आणि वनस्पतिशास्त्राच्या डॉ. केळशीकरबाईंची सारी भिस्त या एका कुंडीवर होती. कुलगुरूंनी पुन्हा बोट लावले. लाजाळू ढिम्म.

“मॅडम, आजारी आहे का ही?”

“नाही सर, शिकली.” बाईंनी घसा खाकरला. पडताळल्याशिवाय कशावरही विसंबायचे नाही, या शिस्तीपायी त्या आठवडाभर तिला येताजाता डिवचत होत्या. “बोटापासून धोका नाही, हे तिला कळलंय. आता ती पानं मिटण्याचे कष्ट घेत नाही.”

कुलगुरू सोबत आलेल्या कुलसचिवांकडे वळले. “आपल्या कचेरीसारखंच की. पूर्वी मी आलो की सगळे दचकून उठायचे.”

“आता मान वर करत नाहीत, सर,” कुलसचिवांनी अदबीने दुजोरा दिला.

कुलगुरूंनी कुंडीकडे प्रथमच आस्थेने पाहिले. “मग शिकलेलं विसरायला हिला किती दिवस लागतील?”

प्रामाणिक उत्तर ‘ठाऊक नाही’ असे होते आणि एरवी बाईंनी तेच दिले असते. त्यांची नजर काचेबाहेर उभ्या असलेल्या जेसीबीकडे गेली.

“वर्षभर, सर. मात्र जागेवरून हलवली, तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल.”

“ठीक आहे. तोवर कोणी हात लावायचा नाही. पहिलं बोट माझं,” असे बजावून कुलगुरूंनी जेसीबीवाल्याला परत जाण्याची खूण केली.