खंडेनवमीची पूजा

खंडेनवमीच्या सकाळी प्रयोगशाळेतील सर्व उपकरणांची पूजा झाली आणि शेवटी डॉ. त्र्यंबक उपासनी पुतळ्यापाशी आले. त्या पुतळ्याच्या अंगावर प्रयोगशाळेतच वाढवलेली जिवंत मानवी त्वचा होती. विषारी वायूंपासून सैनिकांना वाचवणारे पोशाख त्याला चढवून पारखले जात. विष आत झिरपले, की त्वचेवर फोड उठत.

उपासनींनी त्याच्या कपाळी चंदनाचे गंध लावले. त्या शीतल स्पर्शाने त्वचेवर रोमांच उभे राहिले.

"बघा सर, स्वारी खूश झाली!" त्यांच्या सहकारी मृणाल धारप हसल्या. "आता दक्षिणा मागेल."

उपासनीही हसले. पूजेसाठी आणलेल्या कोऱ्या पोशाखाची बाही त्यांनी पुतळ्याच्या हाताला टेकवली मात्र, सारी कातडी आक्रसून थरथरू लागली.

"अहो, या पोशाखाला तर विषाचा थेंबही लागलेला नाही!"

"स्पर्श ओळखला त्याने," उपासनी हलकेच म्हणाले. "घाबरला आहे तो, मृणाल."

"मग उद्याची चाचणी?"

सीमेवरचे जवान या पोशाखाची वाट पाहत होते. उपासनींची मान खाली गेली. "होईल."

पूजेअंती क्षमाप्रार्थना म्हणायची असते. त्यांनी हात जोडले, परंतु आयुष्यभर मुखोद्गत असलेले ते शब्द ओठांवर येईनात. उद्या जे करायचेच आहे, त्याची क्षमा आज कोणत्या तोंडाने मागावी? पुतळ्याकडे न पाहताच त्यांनी जोडलेले हात सोडले आणि पूजा तशीच अपुरी राहिली.