जुना बोजा

मुलाचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं आणि आप्पांच्या मनात पाल चुकचुकली. "जुना बोजा उतरवायचाच आहे. वेळ लागू दे, खर्च होऊ दे, पण एकदाचं सुटायचंय," असं तो कुणाला तरी सांगत होता. घरात जुनं म्हणावं असं दुसरं होतंच काय? सोफासुद्धा गेल्या वर्षी बदलला होता.

मग एक परका माणूस येऊन टेपने खोल्या मोजून गेला. आप्पांची खोली तर त्याने दोनदा मोजली, आणि वर सुनेने त्याला चहा पाजला! आप्पांनी गुपचूप बॅग भरून पलंगाखाली सरकवली.

परवा ते एकटेच असताना घरचा फोन वाजला. "घर मुलाच्याच नावावर आहे ना?" एका बाईने गोड आवाजात विचारलं. ही वृद्धाश्रमवालीच असणार! आप्पांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "घर माझं आहे! तो नुसता राहतो इथे," असं ठणकावून त्यांनी फोन आपटला.

आज मुलगा घरी आला तो डोकं धरूनच बसला. "नव्या बँकेने आपली कमी व्याजाच्या गृहकर्जाची फाइल बंद केली," तो बायकोला म्हणाला. "घर माझं नाही, असं आपल्याच फोनवरून कुणीतरी सांगितलं म्हणे. फी बुडाली, इतक्या महिन्यांचे हेलपाटे पाण्यात गेले. राहू दे आता जुनाच बोजा."

दाराआडच्या आप्पांना शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

 

बॅगेतले शर्ट परत कपाटात लावताना ते स्वतःशीच म्हणाले, "वेळीच आवाज चढवला म्हणून टिकलो!"