सोललेले दाणे

"मावशीला आता कामाला जुंपणार तुम्ही? या वयात?"

म्हाताऱ्या रखवालदाराचा आवाज चढला होता. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. पिंजऱ्याच्या रिकाम्या खोलीत गुडघ्यांवर बसून त्या गवत पसरत होत्या आणि गवतात भुईमुगाच्या शेंगा दडवत होत्या. टरफलांसकट. एका जाड नळीला भोकं पाडलेली होती. तिच्यात केळ्याच्या चकत्या कोंबून त्यांनी ती छताला टांगली. सफरचंद एका खोक्यात घातलं, ते खोकं दुसऱ्या खोक्यात, आणि वर कागदाचे बोळे.

मावशी ही त्या प्राणिसंग्रहालयातली सगळ्यांत म्हातारी चिंपांझी. शेजारच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही हातांवरचे केस तिने स्वतःच उपटून टाकले होते. वजन उतरत चाललं होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, पण रोग काही सापडला नाही. अशीच राहिली तर महिनाही काढणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा म्हातारा घरातल्या चपलांवरच निघाला होता. येताना खिशात सोललेले दाणे घेऊन आला होता. त्याची खात्री होती, आपण हाताने भरवलं की मावशी खाईल.

मावशीने त्याला ओळखलं. त्याचं बोट धरून ठेवलं. चार दाणे चावले. बाकीचे बोटांच्या फटीतून खाली सोडून दिले आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

निवृत्त होईपर्यंत बावीस वर्षं त्याने तिला सांभाळलं होतं. केळ्याची शीरसुद्धा काढून द्यायचा. अक्रोड दगडाने फोडून गर तळहातावर ठेवायचा. बायको दुपारचा डबा घेऊन यायची, समोरच्या बाकावर तासभर बसून मावशीला न्याहाळायची आणि जाताना टोमणा मारायची, "आम्हाला कधी एक शेंग सोलून दिली नाहीत. सवतीचे मात्र लाड बघा!"

"बावीस वर्षांत मी तिला एक टरफल फोडू दिलं नाही," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "विचारा कुणालाही."

"विचारायला कशाला हवं? अजूनही सगळे तुमच्यासारखंच सोलून देतात. किती वेळ लागायचा तिच्या जेवणाला?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

"आणि उरलेला दिवस ती काय करायची, काका?"

उरलेला दिवस तो बाकीचे पिंजरे झाडत असे. मावशी काय करते, हे पाहायला तो कधी थांबलाच नव्हता.

"रानात असती तर अर्धा दिवस शोधण्यात गेला असता तिचा," डॉक्टरीणबाई हात झटकत बाहेर आल्या. "तिला माया कमी पडली नाही हो. काम कमी पडलं. हात रिकामे राहिले, म्हणून ते स्वतःचेच केस उपटत बसले."

त्यांनी मधला दरवाजा वर ओढला. दोघं जाळीशी उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला. मग मावशी हळूच सरकत आली. तिने गवतात एक बोट खुपसलं. नंतर पंजा. नंतर दोन्ही हात. एक शेंग मिळाली. ती तिने उलटसुलट करून पाहिली, हुंगली, दातांनी फोडली. मग सबंध गवत उलथंपालथं करायला लागली. खोकं हलवून त्याला कान लावला. एक काडी शोधली आणि खालचा ओठ पुढे काढून नळीच्या भोकात घातली. चकती बाहेर पडली, तेव्हा तिने अशी काही हाळी दिली, की शेजारचे पिंजरे गप्प झाले.

म्हातारा हसला. पण तिच्या त्या वाकलेल्या पाठीत त्याला काहीतरी ओळखीचं दिसलं. अशा वाकलेल्या पाठीने तो स्वतः पलंगाखाली डोकावत असे.

निवृत्त झाला त्या वर्षीची गोष्ट. खिडकीपाशी खुर्ची टाकून तो दिवसचे दिवस बसून राही. जेवण जाईना. नेमकी तेव्हाच बायकोची स्मरणशक्ती दगा द्यायला लागली. त्याचा चष्मा तांदळाच्या डब्यामागे सापडे. वर्तमानपत्र गादीखाली. तपकिरीची डबी तर एकदा माळ्यावर निघाली. "कुठं ठेवलं देव जाणे. तुम्हीच बघा ना जरा," ती म्हणे. तो घर पालथं घाली. शोधताना एखादी खिळखिळी बिजागरी दिसे, ती ठोकून टाकी. जुनं पत्र सापडे, ते वाचत बसे. घामेजून जेवायला बसे आणि दोन घास जास्त खाताना तिच्यावर डाफरे, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती हसून म्हणे, "नाहीच मुळी." तीन वर्षं हे चाललं. मुलालाही त्याने सांगून टाकलं होतं, तुझी आई आता गेल्यातच जमा.

मग ती खरोखरच गेली. त्यालाही वर्ष झालं. आता सून गुणाची आहे. चष्मा उशाशी, वर्तमानपत्र खुर्चीवर, चहा हातात. तरी सदरा अंगाला ढगळ होत चालला आहे.

"बघितलंत, काका?" डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याने मान डोलावली, पण त्याचं लक्ष तिथे नव्हतं. तो आठवून पाहत होता. त्या तीन वर्षांत बायकोची स्वतःची एकही वस्तू कधी हरवली नव्हती.