धाकटीसारखा चेहरा

"दात घट्ट आवळा," डॉक्टर म्हणाले.

थोरलीने आवळले. दोन्ही गालांत, कानांच्या खाली, लिंबाएवढे फुगवटे वर आले. डॉक्टरांनी त्यांवर पेन्सिलीने तीन-तीन ठिपके काढले आणि ते तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. ती ओशाळली.

"झोपेत दात खाता?"

"नवरा म्हणतो, खाते."

"त्यानेच जबड्याचे स्नायू फुगलेत. इंजेक्शनने सैल पडतील, दोन महिन्यांत चेहरा निमुळता होईल. दात का खाता, ते मात्र तुम्हीच शोधायचं."

शोधायचं काय त्यात? ते घरी टीव्हीसमोर पाय पसरून बसलेलं होतं.

थोरली आणि धाकटी जुळ्या, बारा मिनिटांच्या अंतराच्या. दोघी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. भाऊही एकाच मुशीतले. जेवताना ताट भिरकावायचं, चारचौघांत बायकोची अक्कल काढायची. पण धाकटी सदा हसतमुख, गाल पोरीसारखे मऊ. थोरलीचा जबडा मात्र वर्षागणिक रुंदावत गेला.

"तिलाही तेच घर, तसलाच नवरा," आई म्हणायची. "तिचं तोंड बघ आणि तुझं बघ. खोट तुझ्या स्वभावातच आहे."

घटस्फोटाचे कागद तयार होते, सही तेवढी राहिली होती. धाकटीने हात धरला.

"कागदांचं मागाहून बघू गं. आधी हे जबड्याचं इंजेक्शन करून घे. मुंगी चावल्यासारखं होतं नुसतं. थोडे दिवस चावताना गाल दमतात, मऊ खा."

"तुला काय माहीत?"

"मैत्रिणीने केलंय."

दवाखान्याच्या दारापर्यंत ती सोबत आली. तिथे तिला अचानक काहीतरी काम आठवलं.

दोन महिन्यांनी आरशात थोरलीला धाकटीच दिसली. आई हरखली. नवरा म्हणाला, "आता जरा माणसात आलीस." तिने सवयीने दात आवळले, पण जबड्यात जोरच राहिला नव्हता. तिला वाटलं, हेच शिकायचं होतं आपल्याला. धाकटीला जमतं, मग आपल्याला का जमू नये? आजवर उगाच आकांडतांडव केलं, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने कागद फाडून टाकले आणि धाकटीला सांगितलं. धाकटीने तिला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी थोरली एकटीच तपासणीला गेली. मागच्या खेपेला ढुंकूनही न पाहणाऱ्या नर्सने आडनाव विचारलं, तिचा चेहरा पाहिला आणि ओळखीचं हसली. कपाटातून तिने एक जाडजूड फाइल काढली.

"अय्या, तुम्ही होय! या वेळी लवकर आलात. सहा महिने व्हायचेत की अजून."

फाइलवर धाकटीचं नाव होतं.

नर्सने आवाज खाली आणला. "नऊ वर्षं झाली हो ताई. अजूनही तेवढेच दात खाता?"