शेवटचा आठवडा

आई हॉस्पिटलातली रात्रपाळी करून घरी आली, तेव्हा माशी स्वयंपाकघरात रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या मारत होती. टेबल भिंतीला सरकवलेलं, खुर्च्या टेबलावर चढवलेल्या. खालच्या मजल्यावरचे काका आधी रोज ओरडायचे. आता तेही दमले होते.

"घाम निघायला हवा," माशी म्हणाली. आईने काही विचारलं नव्हतं.

माशी हे लेकीचं बॉक्सिंगच्या क्लबातलं नाव, फ्लायवेट या सगळ्यांत हलक्या वजनगटात खेळते म्हणून पडलेलं. आईला ते मुळीच आवडायचं नाही, पण हल्ली तीही तेच म्हणायला लागली होती. नावावरून वाद घालायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

आईने कपडे दाराशीच बादलीत टाकले, अंघोळ केली आणि आतल्या खाटेवर आडवी झाली. दोरी फटफटत होती. वॉर्डातली यंत्रं निदान एका लयीत तरी वाजतात. ही पोरगी मध्येच अडखळत होती, आणि दोरीवर ती कधी अडखळायची नाही.

आई उठून बाहेर आली. माशी ओट्याला टेकून धापा टाकत होती. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं.

"काल तरी झोपलीस का?"

"पडून होते."

"मी झोपेचं विचारलं."

"पोटात कावळे ओरडतात गं. जरा डोळा लागला की स्वप्नात जेवण येतं, आणि तोंडाशी नेईपर्यंत जाग येते."

बॉक्सर काही बारा महिने उपाशी राहत नाहीत. स्पर्धेआधीचा एक आठवडा तोंडाला कुलूप, वजन करून झालं की पोटभर जेवण. माशीचंही तसंच ठरलं होतं. पण साथ आली आणि स्पर्धा एक आठवडा पुढे गेली. मग आणखी एक. रद्द करायची कुणाची छाती होईना, त्यामुळे दर वेळी एकेकच आठवडा. माशीचा तो शेवटचा आठवडा झाडांना पालवी फुटताना सुरू झाला होता, आणि आता पानं गळायला लागली होती.

फोन वाजला. क्लबातले सर होते.

"पुढच्या आठवड्यावर गेली गं," सर म्हणाले. त्यांचाही आवाज पार बसला होता. "वजन धरून ठेव. दुपारी व्हिडिओवर वजनाचा काटा दाखव मला."

"हो सर."

आईने भात लावला. दोन अंडी फोडली, हात जरा सैल सोडून लोणी घातलं. वास सुटला तशी माशी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"नको ना आई. एवढे महिने धरलंय, सगळं पाण्यात जाईल."

"खेळू नकोस म्हणतेय का मी? तारीख नक्की होऊ दे, मग राहा उपाशी. ताट मी स्वतः लपवीन."

"आणि वजन उतरलंच नाही तर? माझी जागा दुसरीला देतील."

देतीलच, हे आईलाही कळत होतं. खोटं बोलायची रोजची सवय होती तिला, पण ती कामावर, पेशंटांशी. तिने भाताचा चमचा नुसता पुढे धरला.

"घे लवकर. हात दुखतोय माझा."

माशीने एक घास घेतला आणि रडायलाच लागली. रडत रडत दुसरा घेतला. मग चमचा बाजूला ठेवून हातानेच खायला लागली. ताट पुसून झालं आणि ती भिंतीला टेकून, अंगात रेनकोट तसाच, बसल्या जागी झोपली.

घर शांत झालं. एवढ्या शांततेसाठी आई किती दिवस जीव टाकत होती. ती खाटेवर जाऊन पडली, कूस बदलली, परत बदलली. वॉर्डात आवाज थांबला म्हणजे काय झालेलं असतं, हे तिला सवयीनं कळायचं.

शेवटी ती उठून आली, माशीजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला श्वास जाणवला. तरी तिने बोट काढलं नाही.

फोन थरथरला. तिने दुसऱ्या हाताने उचलला.

"काटा दाखवतेस ना?" सरांनी विचारलं.

"झोपलीय ती."

"या वेळेला? बरी आहे ना?"

"बरी आहे. जेवली आणि झोपली. नुसती झोपलीय."

वॉर्डातून तिने पेशंटांच्या कितीतरी घरांना फोन केले होते. असं वाक्य सांगायला मात्र तिला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

"नुसती झोपलीय हो," तिने पुन्हा एकदा सांगितलं.