शेंदराखालचा लेख

जीपमधून उतरताच राजेश्वरीताईंच्या नाकाला अ‍ॅसिडचा वास झोंबला. वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या वीरगळासमोर मनुबाई खराटा घेऊन उभ्या होत्या. “तुमचं इतिहास मंडळ लेख वाचायला येणार, म्हनून अ‍ॅसिड वतून घासला बगा!” राजेश्वरीताई वीरगळाकडे धावल्या. गावाचं जुनं नाव सापडलंच असतं, तर याच लेखात. कागदावर ठसाही घेतला नव्हता. त्यांनी कळशीभर पाणी ओतलं, बोटांनी वीरगळ चाचपला. शेंदराचं जाड कवच झिजलं होतं, पण फुटलं नव्हतं. त्यांनी एक कड अलगद उचलली. खपली निघाली, खाली कोरडा दगड, सुबक अक्षरं. त्या हसू लागल्या. “आवं, झालं काय?” “जो शेंदूर फासू नका म्हणून तुमच्याशी वर्षभर भांडले, त्यानंच लेख वाचवला, मनुबाई.” “मग परत कवा लावायचा?” “ठसा निघाला की. पहिला हात माझा.”