मेलेला सेल

घड्याळजी सासऱ्यांच्या टेबलाखाली खेळता खेळता त्यांच्या छोट्या नातीने, चिमणीने, वापरलेल्या सेलची डबी उपडी केली आणि एक चपटा सेल गिळला. सून धावत आली, तर लेकीच्या तोंडातून लाळेची धार लागलेली, तिला थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. "अगं, दवाखान्यात कशाला पळतेस?" डोळ्यावरचं भिंग न काढताच सासरे म्हणाले. "मेलेला सेल आहे तो. सेकंदकाटा हलत नाही त्याच्याने, चिमणीला काय करणार? केळं भरव तिला, उद्या पडेल आपोआप." आजवर तिने त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आज तिने डबीतला दुसरा सेल त्यांच्या तळहातावर ठेवला. "मेलाय ना, बाबा? मग मी येईपर्यंत हा तोंडात धरून बसा." सासऱ्यांचा हात हट्टाने ओठांपर्यंत गेला आणि तिथेच अडला. ती अडली नाही.